गावंडे बाईंचं प्रात्यक्षिक

गावंडे बाई कॉम्प्युटरला हात लावण्याआधी हात धूत असत. नुसते ओले करून पदराला पुसणं नव्हे. साबण लावून, मनगटापर्यंत, नखं तळव्यावर घासून. मग दोन्ही हात उताणे धरून माझ्यासमोर उभ्या राहत, जसं काही ते मीच तपासणार होतो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा कंत्राटी कॉम्प्युटर शिक्षक आणि त्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या गृहशास्त्राच्या शिक्षिका. एकदा मी म्हणालो, "बाई, इथे कुठे खरं पीठ मळायचंय?" त्या म्हणाल्या, "सैपाक हाय ना? मंग हात धुवाच लागते."

पांढरकवड्याच्या त्या मुलींच्या शाळेत माझी लॅब म्हणजे बाईंच्याच स्वयंपाकखोलीचा अर्धा भाग होता. मधोमध प्लायवूड ठोकून पलीकडे त्यांच्या दोन शेगड्या आणि चार टेबलं ठेवली होती, अलीकडे माझे सहा कॉम्प्युटर. त्यांतल्या एकालाच इंटरनेट. दुपारी भारनियमन असे, तेव्हा इन्व्हर्टरवर तोच एक चाले. पाण्याचा नळ मात्र फाळणीत माझ्या बाजूला आला. माझ्यावर राग धरायला बाईंना एवढं पुरेसं होतं, पण त्यांनी तो धरला नाही. भांडी घेऊन त्या माझ्या बाजूला येत, घासत, आणि जाता जाता फरशी पुसून ठेवत. त्यामुळे मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

शाळा सुटल्यावर मी त्या एका कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन खेळ खेळायचो. हजारो माणसं आपापल्या गावातून एकाच वेळी एका काल्पनिक राज्यात वावरायची. बहुतेकांना तलवार हवी असे. मला मात्र लढाई जमत नव्हती, म्हणून मी नुकताच स्वयंपाकी झालो होतो. त्या राज्यात पाव खाऊन लढणारा जास्त वेळ टिकायचा, त्यामुळे स्वयंपाक्याला किंमत होती. एका दुपारी कढई धुवायला आलेल्या बाई माझ्या पाठीमागे थांबल्या. खेळताना पकडला गेलेला शिक्षक जसा दिसतो तसाच मी दिसत असणार.

"तो माणूस चुलीपाशी काय करून राह्यला, बापू?" त्यांनी विचारलं.

"पाव भाजतोय, बाई."

"सामान कोनं आनलं त्याचं?"

"कुणी नाही. गहू शेतातून स्वतः वेचायचा, चक्कीवर दळायचा. नवीन माणसाकडे काहीच नसतं."

"कोनापाशीच नसते?"

"कुणाकडेच नाही. सगळे शून्यापासून."

कढईतलं पाणी फरशीवर ठिबकत होतं आणि बाई ते पुसत नव्हत्या. मला ते विलक्षण वाटलं. मग त्या म्हणाल्या, "उद्या मले शिकव."

त्यांनी सामानाचा तो प्रश्न का विचारला, हे मला पुढे कळलं. गृहशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला तीस गुण होते आणि शाळेचा नियम असा, की विद्यार्थिनीने साहित्य स्वतः आणावे. साहित्य नाही तर गुण नाहीत. बाईंनी हा नियम पंचवीस वर्षं काटेकोर पाळला. पण ती कापसाची वाईट वर्षं होती. आधी मुली तेल कमी आणायला लागल्या, मग बेसन विसरायला लागल्या, आणि मग प्रात्यक्षिकाच्या दिवशी गैरहजर राहायला लागल्या. एका मुलीला बाईंनी तीसपैकी शून्य दिलं. ती मुलगी उत्तम भाकरी थापायची. त्या शून्यानंतर ती शाळेत आली नाही.

"तिले मी घालवलं," बाई म्हणायच्या. आवाज चढवून नाही, हजेरी घेतल्यासारखं. "मले मालूम होतं, तिच्या घरी काय चालू हाय ते. तरी शून्य लिवलं. काहून, तं रूल हाय."

पुढच्या वर्षी बाईंनी घरून पीठ आणलं आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना वाटीवाटीने दिलं. चौथ्या दिवशी एका मुलीची आई शाळेत आली आणि टेबलावर वाटीभर पीठ ठेवून म्हणाली, "आमची पोरगी फुकटचं शिजवत नाई, मॅडम." कुणाची वाटी कुठून आली हे साऱ्या वर्गाला दिसत होतं, आणि बाईंच्या ते लक्षात आलं नव्हतं. निवृत्तीआधी एक तरी प्रात्यक्षिक असं व्हावं, की ज्यात एकाही मुलीला सामानावाचून खाली मान घालावी लागणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्या माऊस धरायला शिकल्या.

शिकवताना माझी पुरेवाट झाली. खेळातल्या स्वयंपाकाचा सोपा रस्ता म्हणजे मासे. नदीवर गळ टाकायचा, मासा भाजायचा, कौशल्याचा आकडा भराभर वाढतो. कुठलाही नवखा तेच करतो. बाईंच्या गळ्यात तुळशीची माळ.

"मी मासोळी नाई भाजत," त्या म्हणाल्या.

"बाई, चित्र आहे ते."

"चित्र तं चित्र. मले भाजाले लावू नको."

मग त्या गव्हाकडे वळल्या, आणि गहू म्हणजे फार सावकाशीचं काम. पहिले सहा पाव जळाले. नवख्याचे जळतातच, आकडा लहान असला की यंत्र ठरवून जाळतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते पटलं नाही. "आच मोठी झाली असन," त्या म्हणाल्या आणि पडद्यावर आच कमी करायचं बटण शोधत बसल्या. मी म्हणालो, खेळातल्या बाजारात तयार पीठ मिळतं, ते घेतलं तर वेळ वाचेल. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की मी विषय सोडला. पंधरा दिवसांनी त्यांचा पाव जळायचा थांबला. त्या दिवशी त्यांनी मला घरून आणलेली खरी भाकर दिली आणि खेळातल्या पावाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी नववीच्या बावीस मुलींना आत आणलं. हात धुवायची रांग लागली. एकच मशीन असल्याने प्रत्येकीला दहा मिनिटं. प्रत्येकीचं खेळात वेगळं नाव, वेगळी टोपली. बाईंचा नियम एकच होता. "बाजारातून कोनी काई घ्याचं नाई. ज्याचं त्यानं वेचाचं." खताच्या दुकानदाराची मुलगी आणि कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे पाड्यावरून, आलेली रंजना आपापल्या पाळीला एकाच काल्पनिक शेतात ओंब्या खुडत होत्या, आणि दोघींचेही पाव सारखेच जळत होते. रंजनाने दुसऱ्याच दिवशी गळ टाकून मासे भाजले आणि सगळ्यांच्या पुढे गेली. मी बाईंकडे पाहिलं. "तिच्या घरी खातेत," त्या म्हणाल्या, "भाजू दे तिले."

फेब्रुवारीत त्यांनी ठरवलं, की प्रात्यक्षिक इथेच घ्यायचं. वीस गुण शिजवण्याचे, दहा वाढण्याचे. वाढायचं तर जेवणारी माणसं हवीत. खेळात माझे जे चार ओळखीचे होते त्यांना मी निरोप धाडला. त्यांतला एक नागपूरला डॉक्टरकी शिकत होता. बाकीचे कुठले, मला ठाऊक नव्हतं. त्यांनी आणखी माणसं आणली. शनिवारी दुपारी त्या राज्यातल्या विहिरीपाशी चौदा योद्धे चिलखतासकट ओळीत मांडी घालून बसले. मी आयुष्यात पुष्कळ पंगती पाहिल्या आहेत, पण पाठीला ढाली लावलेली पंगत तीच. एकेक मुलगी येऊन ओळीने पाव आणि सूप ठेवत होती. तिसऱ्या योद्ध्याने मिळताक्षणी खाऊन टाकलं. बाई पाठीमागून म्हणाल्या, "त्याले लिव, सगळ्याइले वाढून झाल्याबिगर कोनी खात नाई." मुलीने तसं टाइप केलं. त्या माणसाने माफी मागितली. तो कुठल्या देशातला होता कोण जाणे.

मुलींनी त्या दिवशी दंगा केला, हसल्या, कोण जास्त चांगलं वाढतं यावर भांडल्या. मी बाईंकडे पाहत होतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बावीसच्या बावीस हजर, हे त्यांनी तीनदा मोजलं. मला त्या वेळी फार बरं वाटलं, हे कबूल करतो. एरवी मी शाळेत मनाला काही वाटून घ्यायच्या भानगडीत पडत नसे.

सोमवारी मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावलं. माणूस दुष्ट नव्हता, फक्त फाइलीतला होता. त्यांनी गुणांची वही उघडून विचारलं, "मॅडम, यांनी काय शिजवलं?"

"पाव आणि सूप."

"कुठे आहे?"

मी कौशल्याचे आकडे, टोपल्या, असं काहीबाही सांगू लागलो. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पानावर आडवी रेघ मारली. "पुढच्या शनिवारी नियमाप्रमाणे घ्या. साहित्य स्वतः आणावे." बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "त्याहीचं चुकलं नाई. खाता येत नाई, तो सैपाक कसा?" मला बाईंचा राग आला. इतक्या महिन्यांची मेहनत एका वाक्यात त्यांनीच निकालात काढली असं वाटलं.

वर्गात त्यांनी निरोप सांगितला तेव्हा मी प्लायवूडच्या अलीकडे होतो. मग रंजनाचा आवाज आला. "बाई, सरवा आनला तं चालते का?"

सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर शेतात उरलेलं, सांडलेलं. तुरीच्या शेंगा, जोंधळ्याची राहून गेलेली कणसं. ते कुणीही वेचावं, त्याला मालक हरकत घेत नाही.

बाई म्हणाल्या, "रूलमंदी काय लिवलं? सोता आना. दुकानातून आना असं नाई लिवलं." आणि मग, "पन मंग सगळ्याहीनं सरवाच आनाचा. घरचं कोनी काई आनाचं नाई. मीठ, तेल मी आनीन, मास्तरनीचं म्हनून."

तो आठवडाभर शाळा सुटल्यावर बावीस मुली शिवारात असत. खताचे दुकानदार तक्रार घेऊन आले, की आमची मुलगी लोकांच्या वावरात भिकाऱ्यासारखी फिरते. बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "अभ्यासक्रम हाय, भाऊ." त्यांच्या मुलीने म्हणे सगळ्यांत जास्त तूर आणली होती.

शनिवारी प्रत्येकीच्या हातात एक पिशवी होती. कुणाची मोठी, कुणाची मूठभर. आजवर बाई प्रत्येकीच्या वाटीखाली नावाची चिठ्ठी ठेवत. त्या दिवशी त्यांनी दोन मोठे गंज म्हणजे पातेली मागवली, सगळ्या पिशव्यांतली तूर एकात ओतायला लावली, जोंधळे दुसऱ्यात, आणि हाताने ढवळलं. मग कुणाचं काय होतं ते कुणालाच ओळखता येईना. पोरींनी जोंधळे भरडून कण्या शिजवल्या, तुरीचे दाणे उकडून घुगऱ्या केल्या. मुख्याध्यापक आले, त्यांना पान दिलं, ते जेवले. "छान," ते म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा घेतल्या त्या कण्या. घुगऱ्या पानातच राहिल्या.

त्यानंतर बाई वर्षभर होत्या. त्या निवृत्त झाल्यावर गृहशास्त्र विषय बंद झाला, प्लायवूड निघालं आणि सगळी खोली माझी झाली. त्या आपल्या गावी राहायला गेल्या आणि चार वर्षांनी तिथेच वारल्या. मला बातमी उशिरा कळली.

घुगऱ्यांच्या त्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी गुणांची वही माझ्यापुढे ठेवली होती. बेरीज तपासून दे म्हणाल्या. बावीस नावं आणि प्रत्येकीपुढे तेवीस. मी थोडा खट्टू झालो. एवढ्या धडपडीनंतर तीसपैकी तीस द्यायला काय हरकत होती, असं मी विचारलं.

"तुरी कच्च्या राह्यल्या," बाई म्हणाल्या. "दात लागत नोयता. खोटं कायले लिवू?"

"पण बाई, या मुलींनी..."

"आयक बापू. इतके वर्सं मी आनल्याचे गुन देले. पयल्यांदा शिजवल्याचे देऊन राह्यली."

मी बेरीज तपासली. बरोबर होती.