मावशींनी पाजलेलं पाणी

वारा अडवायला माळावर लावलेल्या झाडांच्या पट्ट्याची राखण मावशी बावीस वर्षं करत होत्या. चिमूटभर माती जिभेवर ठेवायच्या, थुंकायच्या आणि तिथं काय जगेल ते सांगायच्या. चढावर माती गोड, बिनखाराची, म्हणून झाडांखाली गवत. उतारावर ओल टिकते पण खार असतो, तिथं जाड, लालसर पानांचं खारं झुडूपच तग धरतं. मावशींचा शब्द सहसा खोटा ठरत नसे, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना ऐकवत.

यंदा चढावरच्या मधल्या ओळीत धाकट्या जावेच्या नर्सरीतली चाळीस रोपं लावली. पाहता पाहता पानांच्या कडा करपल्या आणि सगळी वाळली. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "रोपंच किडकी होती. या नर्सरीचं नाव सरकारी यादीतून काढतो." जाऊ खाली मान घालून उभी.

मावशी वाळल्या रोपांपाशी वाकल्या. गवत गेलं होतं आणि लालसर पानं उगवली होती. माती जिभेवर ठेवली, तर ती खारट लागली. घरचीच रोपं म्हणून त्यांनी रोज दोन-दोन घागरी जास्त घातल्या होत्या. पाणी खाली मुरलं, खाराला भेटलं आणि ऊन ओढू लागल्यावर त्याला घेऊनच वर आलं. ही जागा गोडच, असं समजून माती चाखायची मात्र त्यांनी सोडून दिली होती. अति तिथे माती, दुसरं काय!

गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

"साहेब, रोपं चांगली होती. मीच पाणी पाजून मारली."

"पाण्यानं कधी झाड मरतं का?"

"पाण्यानं खालचा खार वर आणला. चाखून बघा."

साहेबांनी चाखली आणि तोंड वेडंवाकडं केलं. नर्सरीचं नाव यादीत राहिलं. "पण मावशी, राखणीला आता दुसरं माणूस बघावं लागेल."

"बघा," मावशी म्हणाल्या. बावीस वर्षं एका शब्दात गेली.

परतताना जाऊ म्हणाली, "वहिनी, उद्यापासून नर्सरीत या. माझी माती चाखून द्या. पाणी मात्र मी घालणार."