तांदळाच्या डब्यातला शेवट

माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचंही काही खरं नाही. चौथीतच शाळा सुटली, तेव्हा आधीच माफी मागते. पण भिसेगावात आमच्या मागच्या खोलीत राहून गेलेल्या पोरीसारखी पोरगी अख्ख्या कर्जत-खालापुरात दुसरी नसेल, हे मी छातीठोकपणे लिहिते.

चौकला तिच्या वडिलांचं गॅरेज. ही मुंबईच्या एका प्रकाशकाकडे पुस्तकांची कव्हरं करायला शिकत होती. त्याला इंटर्नशिप म्हणायची. सोमवारी ऑफिसात, बाकी दिवस आमच्या ओटीवर. कव्हर लांबून उठून दिसलं पाहिजे म्हणून ते कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लटकवायची आणि डोळे बारीक करून मागे मागे चालत जायची. एकदा अशीच शेजारणीच्या पापडांत गेली. शेजारीण ओरडली, "आगं, डोळं फुटलं काय तुजं?" तर ही विचारते, "मावशी, तिथून लाल रंग दिसतोय का?"

पण तिची खरी खोड वाचण्याची. बाकीचे म्हणे गोष्टीचा सारांश बघून कव्हर करायचे. हिला सगळं पुस्तक वाचल्याशिवाय पेन्सिल धरवत नसे, तेही मोठ्याने. मी तांदूळ निवडायचे, ती वाचायची. शेवट वाचून इतकी भारावायची की कव्हरवर तोच रंगवून ठेवायची. खुनाच्या गोष्टीवर तिने डॉक्टरीणबाईंचा रक्ताळलेला पदर काढला, आणि खून बाईंनीच केलेला! प्रकाशक साहेब म्हणाले, "आता लोकांनी पुस्तक विकत कशाला घ्यायचं?" पुढच्या प्रेमकथेवर नायकाचा हार घातलेला फोटो काढून मोकळी.

तीन महिने संपत आले. वडील दारात येऊन म्हणाले, "एक तरी चित्र पुस्तकावर लागलं काय गं? नाय ना? मंग चल, गॅरेजची बिलं लिव."

"एक शेवटचं हाय, बाबा."

"बरं. सोमवारी टेंपो घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

त्या संध्याकाळी तिने त्या शेवटच्या पुस्तकाच्या कागदांच्या गठ्ठ्यातला शेवटचा भाग न वाचताच माझ्या हातात दिला. "काकी, लपवा. मी रडले तरी देऊ नका." मी तो तांदळाच्या डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशीच "एकच पान, काकी!" सुरू झालं. दुकानदाराशी बोलायलाही लाजणारी मी, डब्यावर बसून म्हणाले, "नाय म्हणजे नाय."

गोष्ट माथेरानच्या एका घोडेवाल्याची होती. तो घर सोडून गेलेला. परत येतो का, ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने लाल मातीच्या वाटेवर खोगीर घातलेला एकटाच घोडा काढला, मान मागे वळवून बघणारा. दोरीवर लावला तेव्हा मी भाकरी तव्यावर विसरले.

सोमवारी ती स्टेशनपासून पळतच आली. "काकी, लागलं! कामावर पण ठेवलं!" टेंपो आला तो आलाच, पण सामान मुंबईला गेलं.

पुस्तक पोस्टाने आलं. फोनवर म्हणते, "मी अजून शेवट वाचलेला नाही. येईन तेव्हा तुम्हीच वाचून दाखवा."

"मला कुठं येतंय गं तसं वाचायला?"

"मग मी थांबते."

पुस्तक कपाटात ठेवलंय, पण ते कागद अजून तांदळाच्या डब्यातच आहेत. खोली मी कुणाला दिली नाही. दुपारी घरात कोणी नसलं की दार लावून घेते, कागदांवरचा तांदूळ झटकते आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायचा सराव करते. आता फार अडखळत नाही.