चुन्याचं घमेलं

डुकरांमध्ये तापाची साथ आली होती. तिच्यावर औषध नव्हतं, लसही नव्हती. 'रोगाचा दोष डुकरं पाळणाऱ्या वस्त्यांवर टाकू नका' असं पत्रक मी स्वतः लिहून वाटत होतो. सकाळी एका वस्तीत मेलेल्या डुकरांमधून फिरलो आणि तडक बजाजनगरच्या मागच्या वस्तीत गेलो.

तिथं कुंपणापाशी एक बाई कामगारांच्या मेसमधलं खरकटं चुलीवर उकळत होती. उकळी फुटल्याशिवाय ती डुकरांना घास देत नसे. मला पाहताच तिनं ढवळायचा दांडा आडवा धरला.

"भाऊ, तिथंच थांबा. कुठून आलाव?"

मी अभिमानानं सांगितलं.

"त्याच चपला घालून? वा! सख्ख्या भावाला मी महिनाभर आत घेतलं नाय, आन् तुम्ही मरण घेऊन दारात!"

तिच्या मागं नऊ पिलं आईला लुचत होती. तिनं चुन्याच्या पाण्याचं घमेलं माझ्याकडं सरकवलं. मी चपला बुडवल्या, पत्रक पुढं केलं, तरी तिनं आत घेतलं नाही.

"आता तिथूनच वाचा."

मी रस्त्यावरून मोठ्यानं वाचलं. ती शेवटपर्यंत ऐकत, ढवळत राहिली.

"लिवलंय बरोबर. पण साथ कागद वाचत नाय, भाऊ. ती पायानं येती."

पुढं वाळूजकडं आणखी दोन वस्त्या होत्या. मी तिथं गेलो नाही, घरी परतलो. तिचं नाव मी विचारलं नाही. दोषाबद्दल एवढं तावातावानं लिहिणाऱ्या माझ्याच पायांनी त्या दिवशी तिच्या वस्तीसकट तीन वस्त्यांचा घात केला असता. तो टळला, हे तिचे उपकार.