अडखळलीस तिथं टिंब

मेघाचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. मेघा म्हणजे आमच्या बाईंची मुलगी, पुण्याला असते. "शालनताई, आई गेली गं," ती म्हणाली. शटर वर न्यावं की खाली घ्यावं तेच कळेना, तशीच वाकून उभी राहिले … मग ती म्हणाली, "पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कोल्हापुरातच करायचा, आईच्या माणसांत. त्याचं पत्रक तूच कर. तिला दुसऱ्या कुणाचं चाललं नसतं."

मी हो म्हणाले. बाईंच्या टायपिंगच्या दुकानात मी इतकी वर्षं कागद करते, पण त्यांनी ऐकल्याशिवाय एकही कागद माझ्या हातून बाहेर गेलेला नाही. शेवटी शेवटी त्या मेघाकडं होत्या, तरी मी फोनवर वाचून दाखवायचे. त्या हो म्हणाल्या की मगच छापायचे. आता हा कागद मी कुणाला वाचून दाखवणार होते?

त्याला काही आठवडे झाले. तेव्हापासून बाई डोक्यातून जात नाहीत. बोलायची मला सवय नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी चौथी शिकलेली. गडहिंग्लजकडच्या आमच्या गावात शाळाच तेवढी होती. पुढच्या शाळेला लांब चालत जायचं म्हटलं की मुलींची नावं आपोआप गळायची. लग्न होऊन कोल्हापूरला आले. नवरा फौंड्रीत. नव्वद सालानंतर कधीतरी मी बाईंच्या दुकानात झाडलोट करायला आणि पाणी भरायला लागले. कचेरीच्या मागच्या गल्लीत लहानसं दुकान, मराठीची दोन टायपिंग मशिनं आणि दारात बाकडं. बाई आधी सरकारी नोकरीत टायपिस्ट होत्या. यजमान गेल्यावर नोकरी सोडून त्यांनी हे दुकान काढलं. आवाज मोठा, चष्मा जाड आणि कानामागं कायम एक लाल पेन्सिल. गिऱ्हाईक आलं की मी माठाच्या मागं जाऊन उभी राहायचे, इतकी मी भित्री.

एक दिवस त्यांनी मशीनमधून कागद ओढून काढला आणि माझ्यापुढं धरला. "वाच."

मला वाटलं, चेष्टा करतात. "मला न्हाय येत तसलं, बाई."

"येतंय तेवढं वाच. मोठ्यानं."

कुठल्याशा सोसायटीची नोटीस होती. 'सर्व सभासदांस याद्वारे सूचित करण्यात येते की, टाकीच्या स्वच्छतेस्तव उद्या सकाळी पाणीपुरवठा खंडित राहील.' मी 'याद्वारे'ला अडखळले. 'स्वच्छतेस्तव'ला तर तोंडाचा पार चिखल झाला. मी अडखळले की बाई त्या शब्दाखाली लाल पेन्सिलीनं एक टिंब द्यायच्या. कागदावर टिंबांची रांग लागली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेतले गुरुजी पाटीवर अशाच फुल्या मारायचे. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाले, "उद्यापासून न्हाय जायची मी तिकडं."

तो म्हणाला, "का? पगार बुडवत्यात व्हय?"

"वाचायला लावत्यात."

तो हसला आणि कूस बदलून झोपला. मी सकाळी गेले, कारण न जाण्याचं कारण मला कुणाला सांगताच येईना.

गेले तर बाईंनी दुसरा कागद पुढं केला. 'उद्या सकाळी पाणी येणार नाही. टाकी धुणार आहोत. आज संध्याकाळीच भरून ठेवा.' मी कुठंही न थांबता वाचलं. माझाच आवाज मला ओळखीचा वाटेना.

"ही टिंबं तुझी न्हाईत गं," बाई कालचा कागद हलवत म्हणाल्या, "कागदाची हाईत. तू अडखळलीस तिथं कागद चुकला."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चूक माझ्या अंगावरून काढून दुसरीकडं ठेवली होती. मी त्या कागदाकडं बघतच राहिले. तीच बातमी, तेच पाणी, आणि कालचा कागद दाराला कडी लावून बसला होता, आजचा दार उघडून 'ये' म्हणत होता. हे माणसाच्या हातात असतं, हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, कागद वरूनच तसे येतात.

तेव्हापासून झाडून झालं की माझं वाचन सुरू. मशीनच्या खडखडाटात मी वाचायचे, बाई टिंबं द्यायच्या, गिऱ्हाइकं वैतागायची. इचलकरंजीचे एक मागवाले होते, मोठ्या मिशांचे. त्यांना मागाच्या शेडमध्ये लावायला सूचना पाहिजे होती, सूत घेऊन सुसाट पळणाऱ्या धोट्यापासून हात जपायची. कामगार लांबून आलेले, जेमतेम वाचणारे. बाईंनी त्यांचा मजकूर तसाच्या तसा टाइप केला आणि मला हाक मारली.

"आवो बाई," ते म्हणाले, "भिंतीवर चिकटवायचाय, सत्यनारायणाची पोथी न्हाय वाचायची."

"पावणं, बसा. चहा घ्या. शालन, वाच."

माठाच्या मागून बाहेर यायलाच मला वेळ लागला. परक्या पुरुषापुढं वाचायचं म्हणजे … पण वाचलं. "माग चालू असताना धोट्यास हात लावू …" तिथं ओळ संपली होती. ओळ संपली म्हणून मी थांबले, श्वास घेतला आणि खालच्या ओळीवरचं एकटं उरलेलं "नये" वाचलं.

बाईंनी टेबलावर थाप मारली. "ऐकलं का पावणं? तुमच्या कागदानं आधी हात लावायला सांगितलं. तुमचा माणूस नये वाचूस्तवर बोट शाबूत राहील व्हय?"

मिशीवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "मायला … खरं हाय की."

आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, आणि शेवट ओळीच्या बाहेर सांडला तर वाक्य उलटं होतं. बाईंनी त्या दिवशी मला हे समजावलं आणि सूचना बदलून केली. वर मोठ्या अक्षरांत 'हात लावू नका!' आणि खाली लहान, 'माग चालू असताना धोट्याला.' मिशीवाल्यांनी कागद हातात धरून लांब केला, जवळ घेतला, परत लांब केला. जाताना मला म्हणाले, "ताई, बरं अडखळलीस." मी पुन्हा माठाच्या मागं गेले, पण तिथं जाऊन हसत होते.

बाई हे कुठं शिकल्या, असं मी एकदा भीत भीत विचारलं. जेवायला बसलो होतो. त्या म्हणाल्या, लहानपणी त्यांच्या वस्तीत वाचणारं पोर एकच, त्या. कुणाला पत्र आलं, कुठली नोटीस आली की माणसं यांना बोलावून मध्ये उभं करायची. "सगळी माझ्या तोंडाकडं बघायची. अवघड शब्द आला की मी अडखळायची, आणि त्यांना वाटायचं, काहीतरी वाईट लिवलंय. एक म्हातारी तर रडायलाच लागली होती. काय न्हवतं गं त्यात … मुलगा सुखरूप पोचला, एवढंच होतं. लिहिणाऱ्यानं ते अवघड लिवलं होतं." एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली. त्या पोरीनं तेव्हाचा तो घोळका अजून सोडला नव्हता. आयुष्यभर त्याच माणसांसाठी टाइप करत होती.

कागदाच्या कडेला जागा का सोडायची, हे मला पटत नव्हतं. माझा जीव तुटायचा, एवढा कोरा कागद वाया जातो म्हणून. बाई म्हणाल्या, "परात भरून भाकरी थापतेस का तू?"

"न्हाय."

"का?"

"मग उचलायची कुठनं?"

"मग?" एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या. मी दिवसभर दुकानातले कागद हातात धरून बघत होते. माझा अंगठा कुठं येतो, अक्षरं त्याच्याखाली जातात का. कागद हातात धरायचा असतो हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या रात्री भाकरी थापताना हात मध्येच थांबला, इतकं ते मनात भरलं होतं.

पुढं दुकानात कॉम्प्युटर आला. गिऱ्हाइकांना नाद लागला, एका पत्रिकेत सगळ्या तऱ्हांची वळणदार अक्षरं पाहिजेत. बाई विचारायच्या, "एका ताटात किती लोणची वाढू?" काहीजण रागावून दुसऱ्या दुकानात गेले. बाईंनी कधी त्यांच्या मागं हाक मारली नाही.

एव्हाना माझं वाचन सुधारलं होतं. एक दिवस मी मोठा अर्ज खालपर्यंत एका दमात वाचून काढला आणि कौतुकाच्या आशेनं वर बघितलं. बाई लाल पेन्सिल फिरवत होत्या. "शालन, तू आता माझ्या उपयोगाची राहिली न्हाईस. अडखळतच न्हाईस."

खरंच की. मी अडखळत होते म्हणूनच माझी जागा होती. शिकले आणि जागा गेली. "म्हंजे … उद्यापासून येऊ नको?" मी विचारलं.

बाई चष्म्यातून बघत राहिल्या. "येडी का काय तू? उद्यापासून हितं बस." त्यांनी कॉम्प्युटरपुढची खुर्ची पायानं माझ्याकडं ढकलली.

चौथी शिकलेल्या बाईनं लोकांचे कागद करायचे? मी म्हणाले, मला व्याकरण येत नाही. त्या म्हणाल्या, व्याकरण मी बघते, तुला अडखळणं ठाऊक आहे, ते मला शिकवता येत नाही.

मग वाचायला कोण? गल्लीच्या तोंडाला भाजी घेऊन बसणारी आक्काताई. दुसरीत शाळा सोडलेली. तिला रोज दुपारी चहाला बोलवायचं आणि कागद पुढं करायचा. "बाईंनी म्हातारपणी शाळा काढलीया," असं ती गल्लीभर सांगत सुटायची, आणि वेळ झाली की स्वतःच भाजीची पाटी झाकून यायची. "आलो की. कुठाय आजचा धडा?" आक्काताई वाचायची, मी टिंबं द्यायचे आणि बाई डोळे मिटून ऐकायच्या. साखरेनं त्यांची नजर जात चालली होती. पण नुसतं ऐकून त्या सांगायच्या, "तिसऱ्या ओळीत शब्द तुटलाय बघ," आणि तो तिथंच तुटलेला असायचा. डोळे गेल्यावर त्या कानानं कागद बघायला लागल्या. मी अशी बाई पुन्हा बघणार नाही.

तर त्यांचंच पत्रक करायला मी बसले. रीत मला माहीत होती. हिंदूंच्या कागदावर नावाआधी कै. येतं, बाई बौद्ध, म्हणून कालकथित. वर मोठ्या अक्षरांत 'कालकथित सुशीला यशवंत कांबळे' असं लिहिलं. खाली पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, वार, वेळ, जागा. कडेला जागा सोडली. एकही शब्द तुटू दिला नाही. खुर्चीत मागं टेकून बघितलं तर कागद देखणा दिसत होता. मग आक्काताईला बोलावलं. ती गप्पच आली. बाई गेल्याचं तिला मीच सांगितलं होतं.

तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. कालकथित शब्द तिनं हळूहळू पण नीट वाचला. सुशीला यशवंत कांबळे, इथं आली आणि थांबली. नावात एकही जोडाक्षर नाही. मला वाटलं, हुंदका आला असेल.

तिनं मान वर केली. "ही कोण गं?"

"आक्काताई … बाई की."

"आपल्या बाई? त्यांचं नाव सुशीला व्हय?" ती परत कागदाकडं बघायला लागली. "मग बाई म्हणून लिव की! मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं काम आलंय."

रोज त्यांच्या हातचा चहा पिणाऱ्या बाईला कळलं नाही, तर बाजारात पत्रक हातात पडणाऱ्याला काय कळणार होतं? मी नावाखाली टिंब दिलं. पूर्ण नाव खाली घेतलं, आणि सगळ्यात वर लिहिलं, 'आपल्या टायपिंगच्या बाई गेल्या.'

मेघाला फोनवर वाचून दाखवलं. ती घुटमळली. "ताई, नातेवाईक काय म्हणतील? बाई गेल्या, असं कुणी छापतं का? कालकथित वर पाहिजे गं."

मी आजवर कुणाशी वाद घातलेला नाही. तरी म्हणाले, "मेघा, आक्काताई अडखळली."

मग मेघा रडल्यासारखं हसली. "मग काय बोलणार मी? तसंच छाप."

पत्रक छापून झालं. वाटायची वाटली आणि एक दुकानाच्या शटरवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी मी गल्लीत वळले तर जोतिबाच्या डोंगरावरचे एक म्हातारे दुकानदार शटरसमोर उभे होते. नारळ-गुलालाचं दुकान आहे त्यांचं. कुठलाही अर्ज असला की एसटीनं बाईंकडंच यायचे. मी मागंच थांबले. ते मोठ्यानं वाचत होते, एकेका शब्दाखाली बोट ठेवून. "आपल्या … टायपिंगच्या … बाई … गेल्या." तिथून खाली नाव, वार, वेळ, जागा. कुठंही अडखळले नाहीत.

एकदा वाचला की कळला पाहिजे, असा कागद करायला बाईंनी मला शिकवलं. म्हाताऱ्यांना एकदा वाचूनच कळलं होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, आणि परत वरून वाचायला लागले.