त्याला सांग, डावीकडे घे

आमच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. रिकामे डबे आणि किस्से. डबे निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून मी ते पार्लरमधे येणाऱ्या बायकांना ऐकवते. तोंडाला पॅक लावून मान मागे टाकलेली बाई उठून जाऊ शकत नाही, हा आमच्या धंद्यातला मोठाच फायदा. तुम्ही तसे मोकळे आहात, पण बसा थोडं.

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या अलीकडे, खाली माझं पार्लर आणि वर आमचं घर. आमचे हे अंजनवेलच्या बाजूला एका कंपनीत होते. रिटायर झाले तेव्हा मी विचारलं, आता काय करणार? म्हणाले, "शिकणार." मला वाटलं स्वयंपाक. आशा सुटत नाही हो माणसाची. ते शिकायला लागले लढाऊ हेलिकॉप्टर.

खरं नाही, कॉम्प्युटरवरचं. पण त्याला खेळ म्हटलेलं त्यांना चालत नाही. "सिम्युलेटर आहे, सुमन. खऱ्या पायलटसमोर जेवढी बटणं, तेवढी सगळी इथे आहेत." उजव्या हाताला एक दांडी, डाव्या हाताला हँडब्रेकसारखा एक दांडा, पायात पेडलं, डोळ्यांवर एक मोठा काळा चष्मा. जावयाचे सुद्धा एवढे लाड आम्ही केले नव्हते. त्या दिवसापासून मी त्यांना कॅप्टन म्हणते. त्यांना तो मान वाटतो. वाटू दे बापडा.

*

पहिला आठवडाभर हेलिकॉप्टर जमिनीवरच होतं. कारण ते चालू होत नव्हतं. आधी बॅटरी, मग कसला तरी पंप, मग एक इंजिन, मग दुसरं, आणि मधे एक जरी बटण चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कॅप्टन जेवायला यायचे तेव्हा चेहरा असा, की विचारायची सोय नाही.

एकदा न राहवून मी म्हटलं, "आपली जुनी स्कूटर तिरकी करून किक मारली की चालू व्हायची. तसं करून बघा ना."

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वरून आरोळी आली, "सुमन, पंखा फिरला!" माझ्या हातातली गिऱ्हाईकबाई दचकली. मी वर गेले, तर खरंच फिरत होता. कॅप्टनच्या डोळ्यात पाणी. मी कौतुकाने शिरा करायला ठेवला आणि रवा भाजून होतो न होतो तोच लाईट गेली.

शिरा आम्ही अंधारात खाल्ला. चांगला झाला होता.

*

मग एकदाचं ते उडालं. तेव्हा कळलं की तो काळा चष्मा घातला की आमच्या कॅप्टनना मळमळतं. हेलिकॉप्टर वळलं की पोटात ढवळतं. शेजारी बादली आणि लिंबू घेऊन ते शत्रूवर चाल करून जात. एकदा शत्रू कुठे आहे ते बघायला दारातून खाली वाकले. दार तिकडे होतं, चष्म्यात. इकडे नुसती खुर्ची होती.

खाली मी एका वकिलीणबाईंचं फेशियल करत होते. धाडकन आवाज झाला.

"अहो, वर कोण पडलं?"

"पायलट," मी म्हटलं. "तुम्ही डोळे मिटा."

डॉक्टरने कमरेला पट्टा दिला आणि उडायला बंदी घातली. तेव्हा कॅप्टन इन्स्ट्रक्टर झाले. आता शिष्य हवे होते. ते माझ्या माहेरचे निघाले.

*

माझं माहेर लांज्याकडे. दोन भाऊ, दादा थोरला आणि शिरू धाकटा. शेजारी शेजारी घरं आणि मधे चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. तीन पावसाळ्यांपूर्वी हा गडगा ढासळला आणि शिरूने तो पुन्हा रचला. दादाचं म्हणणं, रचताना हात-दीड हात माझ्या बाजूला सरकवलान. शिरूचं म्हणणं, वीतभर सुद्धा नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच एसटीने रत्नागिरीला येतात, दादा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर आणि शिरू शेवटच्या. मधे सगळी गाडी रिकामी असली तरी.

माझ्याशी मात्र दोघंही बोलतात. फार बोलतात. मुख्यतः एकमेकांबद्दल.

कॅप्टननी त्यांना बरोबर हेरलं. दादाला सांगितलं, "शिरूला कालच जमलं हो जागच्या जागी तरंगायला." शिरूला सांगितलं, "दादाचा हात फार स्थिर आहे." झालं. दोघंही दर सोमवारी हजर, पार्लर बंद असतं तेव्हा. वर दुपारचं जेवण माझ्याकडे. माझी सुट्टी अशी सत्कारणी लागली.

*

दादा आयुष्यात कधी घाईने काही करत नाही. पहिल्याच दिवशी कॅप्टननी त्याला डोंगराआडून शत्रूच्या तळाकडे जायला सांगितलं. दादा अगदी झाडांना चाटून, व्यवस्थित निघाला. वळण आलं तसा थांबला आणि पॅनलवर काहीतरी शोधायला लागला.

"काय हवंय, दादा?"

"हॉर्न."

"हॉर्न नसतो हो."

"मग वळणावर देतात काय?" दादा हवेतच थांबून म्हणाला. "समोरून कोणी आला तर?"

समोरून आलंच. मिसाईल होतं. दादा अजून म्हणतो, हॉर्न असता तर निदान कळवलं असतं.

शिरू याच्या उलट. त्याला कुठलं बटण कशाचं हे विचारण्यापेक्षा दाबून बघणं बरं वाटतं. पहिल्या उड्डाणात त्याने आपल्याच तळावरचा पेट्रोलचा ट्रक उडवला. कॅप्टन रडकुंडीला आले. "अहो, तो आपला होता, शिरू!"

"माझ्या वाटेत कशाला उभा होता?"

शिरूची दुसरी खोड म्हणजे तो डावा दांडा. दांडा वर केला की हेलिकॉप्टर वर, खाली केला की खाली, एवढं सोपं. पण कॅप्टननी दोघांना शंभरदा सांगितलं होतं, इंजिन बंद पडलं तर दांडा ताबडतोब खाली करायचा. म्हणजे पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि हळू उतरता येतं. मन म्हणतं वर ओढ. वर ओढला की पंखाच थांबतो आणि मग वरच जायचं, पण वेगळ्या अर्थाने. दादाला हे पाठ होतं. शिरू दर वेळी वर ओढायचा आणि दर वेळी मरायचा.

*

मग कॅप्टननी दोन माणसांचं हेलिकॉप्टर घेतलं. पुढे एक आणि मागे एक. एकाने चालवायचं, दुसऱ्याने नेम धरायचा. दोघांनी सतत बोलत राहायचं, नाहीतर काही खरं नाही. हे सगळं माहीत असून या माणसाने ते माझ्या दोन भावांसाठी घेतलं. मी कपाळाला हात लावला.

खुर्च्यांवरून भांडण होईल अशी माझी खात्री होती. तसं काही झालं नाही. थोरला म्हणून दादा पुढे बसला. पुढच्याने चालवायचं नसतं, नुसता नेम धरायचा असतो, हे त्याला बसल्यावर कळलं. तोवर शिरूने मागे बसून सगळा कारभार हातात घेतला होता. एसटीतलीच व्यवस्था, फक्त मधलं अंतर हातभर.

हेलिकॉप्टर उडालं आणि दादा म्हणाला, "सुमे, त्याला सांग, डावीकडे घे."

मी टॉवेलच्या घड्या घालत होते. म्हटलं, "शिरू, दादा म्हणतोय डावीकडे घे."

"कुठून डावीकडे, ते विचार त्याला."

"दादा, तो विचारतोय कुठून?"

"त्याला सांग, गेलं ते आता."

असं चार सोमवार. कॅप्टन मला म्हणाले, लष्करात याला रिले म्हणतात, मोठी जबाबदारी असते. मी म्हटलं, लष्करात त्याचा पगार पण असेल.

*

मधेच केतकीचं लग्न ठरलं. केतकी दादाची एकुलती एक. घरापुढच्या खळ्यातच लग्न करायचं हा तिचा हट्ट. मंडपवाल्याने माप घेतलं आणि सांगितलं, मंडप बसत नाही. दोन खांब गडग्यापलीकडे पुरायला लागतील.

गडग्यापलीकडे म्हणजे शिरूकडे. आणि खांबांसाठी विचारायचं तर आधी तोंड उघडायला हवं. मी दादाला म्हटलं, मी विचारते. तर दादा म्हणाला, "खांबांचं तू विचारशील. लग्नाला ये म्हणून पण तूच सांगणार काय? ते माझं मला सांगायला हवं."

"मग सांग की."

"बघू." आणि मंडप तिरका घालता येतो का, ते बघायला गेला.

शिरूकडे गेले तर तो म्हणाला, "मला बोलावलंय कुठे? बोलावल्याशिवाय जायला मी काय बँडवाला आहे?" बँडवाल्याला सुद्धा बोलावतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

केतकी पार्लरमधे आली की एकच विचारायची. "आत्या, काका येणार ना गो?" लहानपणी शिरूच्या खांद्यावरून ती उतरायचीच नाही. मी तिच्या तोंडाला पॅक लावायचे, म्हणजे तिला पुढे बोलता यायचं नाही, आणि मला पण उत्तर द्यायला लागायचं नाही. खरं सांगते, त्या दिवसांत मला दोघांचा सारखाच संताप यायचा.

*

एका सोमवारी मात्र वाटलं, आता बोलतील. रात्रीची मोहीम होती. काळ्याकुट्ट पडद्यावर गरम वस्तू पांढरी दिसते. दादाला पुढे पांढरे ठिपके दिसले, ओळीने हळूहळू चाललेले. कॅप्टन म्हणाले, "मारा!"

दादा मारीना. "गुरं असतील ती."

शिरू मागून म्हणाला, "ताई, त्याला सांग, रणगाडे आहेत ते."

दादाने पडद्यावरची नजर काढली नाही. "सुमे, त्याला सांग, आपली समजून दुसऱ्याची म्हैस गोठ्यातून सोडून आणणाऱ्याला गुरांतलं कळत नाही."

"ताई, त्याला सांग, ती म्हैस माझीच होती."

"शिरू, दादा म्हणतोय, आपली समजून दुसऱ्याची म्हैस—" इथवर मी आले आणि ठिपक्यांनी यांना पाडलं.

मी वाक्य तरी पुरं केलं. कॅप्टन बादलीकडे बघत बसले. चष्मा न घालता पण त्यांना मळमळायला लागलं होतं.

*

लग्नाच्या आठवड्यातला सोमवार. खाली केतकीच्या मैत्रिणींची मेंदी चाललेली, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून केतकीला वर आणलं, खिडकीशी उजेडात बसवलं आणि भुवया करायला घेतल्या. आमच्या कामात दोऱ्याचं एक टोक दातात धरतात. तोंड बंद ठेवायला लागतं. चार हातांवर माझे भाऊ हवेत होते.

आणि हेलिकॉप्टरला काहीतरी लागलं. घंटा वाजायला लागली. दोन्ही इंजिनं गेली. शिरूने सवयीप्रमाणे दांडा धरला आणि वर ओढायला लागला.

दादा ओरडला, "सुमे, त्याला सांग—"

"ऊं," मी म्हटलं. दातात दोरा.

"सुमे!"

"ऊं ऊं."

कॅप्टननी तोंड उघडलं होतं. मी डोळे वटारले तसं मिटलं.

केतकी माझ्या हाताखालून पुटपुटली, "आत्या, ही भुवई झाली ना मघाशी?" मी तिचं डोकं मागे दाबलं.

पडद्यावर जमीन वर यायला लागली होती. दादाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, आणि खुर्चीतच मागे वळला.

"शिऱ्या, दांडा खाली! अरे खाली कर, मरशील!"

शिरूने दांडा खाली केला.

पंखा फिरत राहिला. "आता हळू," दादा म्हणाला. "नाक वर घे. आता थोडा वर ओढ. ओढ. ओढ रे." हेलिकॉप्टर कुठल्याशा शेतात दणकन टेकलं, डुगडुगलं आणि उभं राहिलं. पहिल्यांदाच दोघंही जिवंत होते.

कॅप्टननी बाहेरून कसं दिसतं ते पडद्यावर आणलं. शेताच्या मधून दगडांचा एक बांध गेला होता. एक चाक बांधाच्या अलीकडे, एक पलीकडे.

शिरूने कानावरचा हेडफोन काढला. "दादा, उतरलो."

दादाने आपला नंबरचा चष्मा पुसून पुन्हा लावला आणि पडद्याजवळ वाकून बघितलं.

"उतरलास. पण हात-दीड हात माझ्या बाजूला."

केतकीने माझा हात घट्ट धरला. दोरा माझ्या दातातच होता.

"असू दे," दादा म्हणाला. "मंडपाचे दोन खांब तुझ्या बाजूला येतायत. उद्या सकाळी ये पुरायला. आणि मग लग्न होईपर्यंत तिथेच राहा, घरी पळू नकोस."

शिरूने नाक ओढलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

"येतो. पण मोजून पुरायचे."