लाल लोकरीची माशी

सावित्रीत उतरून मासे धरायचे दिवस केव्हाच गेले. महाडला घाटाच्या समोर मगरी अशा ऊन खात पडलेल्या असतात, जणू नदी त्यांच्या नावावर केली आहे. माझ्यासारख्या हौशी माणसाने काठावरच उभं राहायचं आणि जे काय टाकायचं ते लांब टाकायचं. बोटीवर नोकरी करणाऱ्या मेहुण्याने मला गळाची परदेशी काठी आणून दिली तेव्हा या लांब टाकण्यापाशीच घोडं अडलं. या काठीच्या गळाला वजनच नसतं. पिसांची खोटी माशी, फुंकर मारली तर उडेल अशी. फेकायचा असतो तो दोर. आधी तो मागे उडवायचा, मागे पूर्ण उलगडेपर्यंत दम धरायचा आणि मग पुढे. दम धरणं आमच्या घराण्यात नाही.

नदीवर जायला मिळायचं ते रविवारी. बाकीच्या दिवशी कंपनीतून आलो की गच्चीवर सराव. गळ कुणाच्या डोळ्यात जायला नको म्हणून माशीच्या जागी लाल लोकरीचा गोंडा बांधायचा आणि पाण्याच्या टाकीपासून कठड्याकडे नेम धरायचा. दोर कधी डिश अँटेनाला अडके, कधी शेजारणीच्या वाळत घातलेल्या साडीला, तर कधी माझ्याच कानाला.

प्रेक्षक एकच, आई. खुर्चीत बसून, हात पदराखाली घेऊन ती मजा बघायची. "मासं काय टाकीत सोडलंयस काय रे?" तिचं माहेर महाडजवळचं नाते गाव, आणि बोलणं अजून तिथलंच. जीभ तिखट, पण ती फक्त घरात. उजवा हात कापायला लागल्यापासून ती बाहेर जाईनाशी झाली होती. एका हळदीकुंकवाला तिच्या हातून चहा सांडला आणि कुणीतरी चटकन पुढे होऊन तिचा कप धरला. त्या मदतीनेच ती खचली. मग लग्न नाही, बारसं नाही, भावाकडे गणपतीलासुद्धा नाही. बोलवायला कुणी आलं की "गुडघं धरलेत" म्हणायची. गुडघे ठणठणीत होते. गावभर गोतावळा असलेली माझी आई डोळ्यांदेखत मिटत चालली होती आणि मला काही सुचत नव्हतं. वाईट वाटायचं, रागही यायचा.

एका संध्याकाळी दोर अँटेनात असा गुंतला की मी वैतागून काठी तिच्याकडे दिली आणि शिडीवर चढलो. दोर सोडवून खाली बघतो तर आई उठून उभी. काठी हातात, हात थरथरतोय, काठीचं टोक त्याहून जास्त. मी काही बोलायच्या आत तिने दोर मागे उडवला.

आणि हात थांबला.

थांबला म्हणजे अगदी थांबला. दोर मागे उलगडत गेला, ती वाट बघत राहिली, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं शांत, आणि मग पुढे. लोकर कठड्यावर टेकली तशी थरथर परत सुरू झाली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "परत टाक," मी म्हटलं. तिने टाकला. हात परत थांबला. दिवेलागण झाली, खालून जेवायला हाका आल्या, तरी ती टाकतच राहिली.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, होतं असं, काहींचा हात काम करताना स्थिर होतो. बीपी सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. असेल त्यांना सवय. मी मात्र गच्चीवर जाताना देवळात शिरावं तशी चप्पल दाराशी काढू लागलो.

मग एका रविवारी मी नदीवर निघालो तर आई साडी बदलून दारात. "मी पन येनार हाय." मी हरखून तिला रिक्षात बसवलं. घाटावर पोचून डबीतून गळ काढला तोच तिने माझं मनगट धरलं. "आज संकष्टी नाय का? जीव मारायचा नाय आज." मला वार कळतात, तिथी कळत नाहीत. घरी परतायचं नाव मात्र तिने काढलं नाही. म्हणाली, लोकरच बांध.

मगर बघायला घाटावर बरीच माणसं जमली होती. त्यांचे मोबाइल हळूहळू आईकडे वळले. ज्याला भिऊन ती घरात बसली होती तेच झालं. मी आड उभा राहायला पुढे झालो, तर तिने मला कोपराने बाजूला सारलं आणि दोर सोडला. तो पाण्यावर इतका सावकाश, इतका सरळ उलगडला की लोकांची बडबड थांबली. लोकर टेकली तिथे पाणी फुटलं. एक मासा उसळला, त्याने लोकर तोंडात धरली आणि चव न आवडल्यासारखी सोडून दिली. रोजची ती नदी मला एकदम फार मोठी वाटली, आणि तिच्यासमोर उभी असलेली आई त्याहून मोठी.

आईचा हात परत कापू लागला तशी गर्दीतली एक बाई कळवळून जवळ आली. "अहो आजी, हात किती कापतोय तुमचा! द्या ना मुलाकडे."

आता आई घरी चल म्हणणार, असं मी धरूनच चाललो.

"कापतो तर," आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "दोन वरसं कापतोय. तू सर वाईच मागं गो, दोर लागंल."