गोठ्यातली दातांची तालीम

चहाचा कप आधी खाली ठेवा. ऐकता ऐकता ठसका लागला तर माझ्या नावानं बोंब नको! आणि हे गावभर सांगायचं नाही, काय? तसं गावाला माहीत आहेच म्हणा, राहिलात ते तुम्हीच.

तर माझी गौरी, सहा वर्षांची. तिची दाढ किडली. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी पोरगी एका बाजूनं चावायची आणि गालावर हात धरून बसायची. बघवायचं नाही हो.

शेवटी आमची सविता, म्हणजे तिची आई, म्हणाली, "नगरला दातांच्या मॅडम हायेत, उद्याचा नंबर लावलाय. पन पोरगी घाबरली तर तोंड उघडायची न्हाई, आन् ती दाढ तशीच ऱ्हाईल. तुमी तिला नीट समजून सांगा. जमत नसंल तर आत्ताच बोला."

जमत नसेल? मला?

अहो, आमच्या खर्डा गावाच्या आसपास जनावराचे दात बघण्यात माझा हात धरणारा कुणी नाही! दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की 'जुळलेली'. तोंडात नुसती नजर टाकली की मी गाईचं वय सांगतो. बाजारात गाय घ्यायची असली की लोक मला घरून उचलून नेतात. आणि मला एक पोरगी तयार करता येऊ नये?

असा हुरूप आला म्हणता! आता एक बारीकशी गोष्ट होती. मी स्वतः जन्मात दातांच्या डॉक्टरकडे गेलो नव्हतो. पण ते सविताला कशाला सांगायचं?

गौरीला थेट गोठ्यात नेलं. तिथं आमची कालवड सोनी रवंथ करत उभी होती.

"हे बघ गौरे. सोनी म्हंजे तू, आन् मी म्हंजे डॉक्टर."

डाव्या हातानं सोनीचं नाक धरलं आणि उजव्या हाताचा अंगठा तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारला. अंगठा गेला की तोंड आपसूक उघडतं. उघडलं!

"दुखलं का हिला?"

"न्हाई."

"रडली का?"

"न्हाई."

"एक, दोन, तीन... झालं! एवढंच असतंय बग."

गौरी विचारात पडली. "आन् दात बघूच दिले न्हाईत तर?"

मी खो खो हसलो. धंद्यातली गोष्ट होती, मोठ्या तोऱ्यात सांगितली. "दात बघितल्याबिगर कुनी हात लावत न्हाई, बाळा!"

"आपन टेम्पोतनं जायचं?"

"व्हय, दत्तूकाकाच्या टेम्पोतनं."

"आई येनार?"

"न्हाई, तू आन् मी."

पोरगी तिथंच सोनीच्या पायाशी बसली. मी घरात जाऊन सविताला सांगितलं, "झाली तयार! एका तासात काम फत्ते." माझी छाती फुगायची ती फुगलीच.

सकाळी सविताने गौरीला ऊन पाण्यानं खसाखसा न्हाऊ घातलं. तेल लावून दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या, कपाळाला कुंकू लावलं. वर गूळ-भाकरीचा घास भरवला. "खाऊन घे, तितं किती वेळ लागतोय कुनास ठावं."

गौरीने घास घेतला आणि डोळ्यांत पाणी. मग गोठ्यात जाऊन सोनीच्या गळ्यात पडली. मग शेजारच्या पिंकीला आपली बाहुली देऊन आली. "ऱ्हाऊ दे तुला. मला तितं लागायची न्हाई."

"अवो, पोरगी अशी का करती?" सविता म्हणाली.

"उत्साह गं! पयल्यांदा नगरला चाललीय."

तुमच्या काही लक्षात आलं? माझ्या नाही आलं! दत्तूच्या शेजारी बसून मी खर्डा ते नगर शिट्टी वाजवत गेलो.

दवाखाना गच्च भरलेला. आमचा नंबर आला. मॅडम हसऱ्या, तरुण. दार उघडून स्वतः बाहेर आल्या आणि गौरीपुढे वाकल्या.

"किती वर्षांची तू?"

गौरीने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबले.

"नाही सांगायचं? बरं, मग दात दाखव. दात बघितले की मी वय ओळखते!"

झालं! पोरीने अशी किंकाळी फोडली की बाहेर रस्त्यावरचा दत्तू टेम्पोतून खाली उतरला.

"पप्पा, मला विकू नका!"

एका काकांनी पेपर खाली घेतला. आणि गौरी माझ्या पायाला मिठी मारून सुरूच, "मी शेन काढीन! भाकर कमी खाईन! पन मला हितं देऊ नका!"

कोपऱ्यातल्या एक बाई मोबाईल हातात घेऊन उठल्या. "कुठलं गाव तुमचं?"

"अहो बाई, माझीच मुलगी आहे ही!"

"ते कळलं की. दुसऱ्याची कशी विकाल?"

आता सांगतो, कान टोचा माझे. महिन्यापूर्वी आम्ही चंद्री गाय विकली. श्रीरामपूरचा माणूस आला होता. चंद्रीचं तोंड मीच उघडून त्याला दात दाखवले. दुसऱ्या दिवशी सविताने तिला धुतलं, कुंकू लावलं, गूळ-भाकरी चारली, आणि दत्तूच्या टेम्पोतून चंद्री गेली. गौरी दोन दिवस जेवली नव्हती. आणि मी शहाण्याने पोरीचं सगळं त्याच क्रमानं केलं! एक पायरी चुकवली नाही! नशीब, शिंगं रंगवायची तेवढी राहिली.

पोरगी रात्रभर हे मनात घेऊन निजली असेल, आणि बाप शिट्टी वाजवतोय. मी तिथंच फरशीवर बसकण मारली.

"गौरे, तुला कुनी न्यायला आलं ना, तर आधी मला न्यावं लागंल. शपथ."

तिनं हुंदका गिळला. "मग आधी तुमचे दात दाखवा."

आली का पंचाईत? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "या काका, बसा."

बसलो. ती खुर्ची, तुम्हाला सांगतो, आपोआप मागे पडायला लागली! मी दोन्ही दांडे धरले. तोंडावर दिवा आला, कानाशी काहीतरी घूं करायला लागलं, आणि माझा जबडा जो बसला तो बसलाच.

"आ करा."

"म्म."

"काका, तोंड उघडून!"

उघडेना! दारात सगळा दवाखाना गोळा झालेला, मोबाईलवाल्या बाई सगळ्यांत पुढे. घाम फुटला मला. मॅडमनी आरसा दाखवला, नुसता आरसा आहे म्हणाल्या, पण जबडा माझं ऐकेचना.

तेवढ्यात गौरी डोळे पुसत स्टुलावर चढली. डाव्या हातानं माझं नाक धरलं आणि उजव्या हाताचा अंगठा तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारला.

उघडलं!

"बघा मॅडम," गौरी म्हणाली, "आता त्ये काय करत न्हाईत."

मॅडमना हसू आवरेना. तरी त्यांनी आरशानं एकेक दात बघितला, आणि गौरीने अंगठा न काढता मोठ्यानं मोजला. माझ्याच दोन दाढा किडक्या निघाल्या! मग मी खाली उतरलो आणि पोरगी आपण होऊन खुर्चीत चढली. असा मोठा 'आ' केला की टॉन्सिल दिसावेत. मॅडमनी दाढ साफ करून भरली, आणि हूं नाही की चूं नाही.

निघताना मॅडमनी तिला विचारलं, "काय डॉक्टर, तुमच्या पेशंटचे दात कसे आहेत?"

गौरीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हुबेहूब मी बाजारात न्याहाळतो तसं!

"जुळलेले हायेत. दोन किडके."

"मग काय करायचं यांचं? विकायचं?"

पोरीने खरंच विचार केला हो. चांगला वेळ घेऊन केला. मग माझं बोट धरलं आणि सगळ्यांसमोर मॅडमना म्हणाली,

"न्हाई. असल्याला कोन घेनार? ऱ्हाऊ द्या आमच्याच दावनीला."